जुन्या वास्तूंची इजा न करता तपासणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवस्थानांचे विश्वस्त, गडसंवर्धनाचे काम करणारी मंडळी, वाड्यांचे मालक आणि स्थापत्याचे विद्यार्थी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत. घोळ नेमका तिथेच जास्त होतो.

मंदिराचे स्ट्रक्चरल ऑडिट करायचे आहे. कोणते मशीन मागवावे?

मशीन नंतर, आधी प्रश्न ठरवा. ‘मंदिर सुरक्षित आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर कोणतेच उपकरण देत नाही. ‘सभामंडपाचा नैर्ऋत्येचा खांब कलला आहे, तो अजून कलतो आहे का?’ किंवा ‘तटाला बाहेरच्या अंगाने पोट आले आहे, तिथले दर्शनी दगड आतल्या भरावापासून सुटले आहेत का?’ असे विचारले तर उत्तर मिळू शकते. प्रश्न जितका नेमका, तितकी उपकरणे कमी लागतात आणि खर्चही आटोक्यात राहतो.

हे प्रश्न सापडतात ते वास्तूभोवती निवांत फिरल्यावर. ओळंबा, पाणसळ, भिंतीला घासून उजेड टाकायला टॉर्च आणि एक लाकडी हातोडी एवढे सोबत असले की पहिल्या फेरीतच बरेच काही हाती लागते. माठ घेताना आपण टिचकी मारून पाहतो, तसेच गिलाव्यावर हलके ठोकत गेले की सुटलेला भाग बद्द वाजतो. खडूने त्याची हद्द आखायची आणि फोटो काढायचा (खडू गिलाव्यावर चालतो, चित्रे किंवा जुना रंग असेल तिथे नाही). हातोडी आणि ओळंब्याला अहवालात जागा द्यायला लोकांना संकोच वाटतो. तो का वाटावा, हे मला कधी समजलेले नाही.

यानंतर अचूक मोजणी : लेझर स्कॅनिंग, किंवा एकावर एक येणाऱ्या शेकडो फोटोंतून तयार केलेले त्रिमित चित्र. भिंतीचा फुगवटा, कमानीची उतरलेली माथ्याची रेषा, घुमटाचा बिघडलेला गोल हे सगळे त्यात मिलिमीटरांत दिसते. पॅरिसच्या नोत्र दामचे लेझर स्कॅन एका कला-इतिहासकाराने २०१० च्या सुमारास करून ठेवले होते. एप्रिल २०१९ च्या आगीनंतर पुनर्बांधणी करणाऱ्यांना त्याचा फार उपयोग झाला. आज केलेली मोजणी कोणाच्या आणि कधी कामी येईल, हे आधी सांगता येत नाही.

या चाचण्यांनी खरेच काहीच इजा होत नाही?

सगळ्या सारख्या नाहीत. रडार, थर्मल कॅमेरा, लेझर, कंपनमापन यांत दगडाला काही होत नाही. अल्ट्रासॉनिक चाचणीत संवेदक नीट टेकावा म्हणून जेल किंवा ग्रीस लावतात. काँक्रीटवर ते चालते, पण सच्छिद्र दगडावर त्याचा डाग कायमचा राहतो. तिथे मातीचा लपका किंवा पातळ रबरी पडदा वापरायला सांगा. रिबाउंड हॅमर (स्प्रिंगच्या जोराने आपटून उसळी मोजणारे हातातले उपकरण) दगडावर आपटतो आणि मऊ दगडावर खळी पाडतो. फ्लॅट-जॅक (द्रवाच्या दाबाने फुगणारी चपटी धातूची पिशवी) चाचणीसाठी भिंतीच्या दरजेत चीर कापावी लागते. नंतर ती चुन्याने भरता येते, पण तिला ‘इजा न करणारी’ म्हणणे बरोबर नाही. भिंतीत या क्षणी किती दाब आहे हे थेट सांगणाऱ्या चाचण्या मात्र फार थोड्या आहेत आणि ही त्यांतली एक आहे. म्हणून मोठ्या कामात, परवानगी घेऊन, एकदोन ठिकाणी ती करावी लागते.

भिंत सात-आठ फूट रुंद आहे, बाहेरून ठणठणीत दिसते. मग आत पाहायचे कशाला?

रुंद भिंत बहुधा एकसंध नसते, म्हणून. दोन्ही अंगांना घडीव दगड आणि मध्ये डबर, माती, चुना यांचा भराव अशी तिची रचना असते. गडांच्या तटबंदीत हे सर्रास आढळते आणि युरोपातल्या मनोऱ्यांतही तेच. वरचा भार घडीव दगड जास्त घेतात, भराव कमी घेतो. वरून पाणी मुरून भरावातला चुना किंवा माती वाहून गेली की तो खाली बसतो, दर्शनी दगडांना आतून रेटतो, आणि मग भिंतीला पोट येते.

इटलीत पाविया गावातला जुना नगरमनोरा १७ मार्च १९८९ रोजी सकाळी काही मिनिटांत कोसळला. चौघांचा जीव गेला. त्या दिवशी भूकंप नव्हता, वादळही नव्हते. मिलानच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी ढिगाऱ्यातले बांधकाम नेऊन त्यावर चाचण्या केल्या. शतकानुशतके सतत राहिलेल्या मोठ्या दाबाखाली अशी चिणाई (दगडविटांचे चुन्यातले बांधकाम) अगदी सावकाश दबत जाते, बारीक उभ्या भेगा पडत जातात आणि एका टप्प्यानंतर तिचा तोल सुटतो, असे त्यातून पुढे आले. पाविया पडले आणि पिसाचा मनोरा जानेवारी १९९० मध्ये पर्यटकांसाठी बंद झाला. पिसा कलल्यामुळे पडेल ही भीती जुनीच होती. खालच्या मजल्यावरची चिणाईच फुटेल ही भीती मात्र नवी होती.

दुसरे उदाहरण सिसिलीतल्या नोतो गावच्या कॅथेड्रलचे. १३ मार्च १९९६ रोजी त्याच्या घुमटाचा मोठा भाग आणि छत खाली आले. खांब बाहेरून चांगल्या दगडाचे होते, पण पोटात गोल गोटे आणि निकृष्ट चुना होता. १९९० च्या भूकंपात ते दुखावले होते आणि जाड गिलाव्याने ती दुखापत झाकून टाकली होती. पुढे इतर चर्चचे खांब तपासताना सोनिक चाचणी आणि रडार यांचा वापर वाढला, त्यामागे नोतोचा धडा आहे.

अल्ट्रासॉनिक चाचणीत वेग ३ किमी/सेकंद आला. दगड खराब आहे का?

नुसत्या आकड्यावरून सांगता येणार नाही. या चाचणीत एका बाजूने ध्वनीचा स्पंद सोडतात, दुसऱ्या बाजूला तो किती वेळात पोहोचला ते मोजतात आणि अंतराला वेळेने भागतात. ताज्या, घट्ट बेसाल्टमध्ये हा वेग ५ ते ६ किमी/सेकंद असतो, जांभ्यात याहून कितीतरी कमी. म्हणजे ३ हा आकडा बेसाल्टसाठी काळजीचा, पण जांभ्याच्या चिऱ्यासाठी मुळीच वाईट नाही.

घोटाळा होतो तो तक्त्यामुळे. काँक्रीटसाठीच्या जुन्या भारतीय मानकात ४.५ च्या वर उत्तम आणि ३ च्या खाली शंकास्पद अशी प्रतवारी होती. ती पुलांच्या आणि इमारतींच्या अहवालांत इतकी रुळली आहे की देवळाच्या अहवालातही जशीच्या तशी उतरते. दगड काँक्रीट नव्हे आणि चिणाई तर नव्हेच. योग्य मार्ग असा : त्याच वास्तूतला, त्याच प्रकारचा, डोळ्यांना निरोगी दिसणारा दगड आधी मोजा, आणि बाकीचे आकडे त्याच्याशी ताडून पाहा.

दुसरी मर्यादा जाडीची. नेहमीच्या उपकरणाची वारंवारता ५४ किलोहर्ट्झ असते. ४ किमी/सेकंद वेगाने तरंगलांबी साडेसात सेंटिमीटरच्या आसपास येते. एकसंध खांबासाठी ती ठीक आहे. डबराच्या भिंतीत मात्र अशा लहरी पोकळ्यांवर आपटून विखुरतात आणि पलीकडे काही पोहोचत नाही. मग सोनिक पद्धत वापरतात. संवेदक बसवलेल्या हातोडीने एका अंगाला ठोका द्यायचा आणि पलीकडे लहर टिपायची. काही किलोहर्ट्झच्या या लहरी लांब असतात म्हणून आरपार जातात, पण छोटी भेग त्यांना दिसत नाही. खोल पाहायचे तर बारीक दिसणार नाही, बारीक पाहायचे तर खोल जाता येणार नाही. ही अडचण रडारलाही आहे. दोन अंगांवरच्या अनेक बिंदूंमधून उलटसुलट मोजले तर संगणकावर भिंतीच्या छेदाचा वेगनकाशा काढता येतो. त्याला टोमोग्राफी म्हणतात. वेळ खूप लागतो, पण अवघड खांबासाठी तो द्यावा.

रिबाउंड हॅमर वापरू का?

कोरीव कामावर, मऊ दगडावर, गिलाव्यावर नको. तो दगडाच्या कातडीची कठीणता सांगतो, पोटातले काही सांगत नाही.

जीपीआर म्हणजे जमिनीखालचे पाहणारे रडार ना? ते भिंतीवर चालते?

उत्तम चालते. रेडिओलहरी भिंतीत सोडायच्या आणि आतल्या सीमांवरून परतणारे प्रतिध्वनी टिपायचे. दगड आणि हवा, दगड आणि पाणी, दगड आणि धातू अशा जागी प्रतिध्वनी उमटतो. भिंतीची खरी जाडी, आतली पोकळी, भरावाची सुरुवात, दगड जखडणारे लोखंडी काटे, फरशीखालचा पाया अशा गोष्टी त्यात सापडतात. ४०० मेगाहर्ट्झचा अँटेना खोल जातो, पण ढोबळ दाखवतो. १.५ गिगाहर्ट्झच्या पुढचा अर्धा-पाऊण मीटरच पाहतो, पण बारकाईने.

रडार वेळ मोजते, खोली नाही, हे पक्के लक्षात ठेवा. कोरड्या दगडात लहर साधारण १० ते १२ सेंटिमीटर प्रति नॅनोसेकंद या वेगाने जाते. समजा प्रतिध्वनी २० नॅनोसेकंदांनी आला, म्हणजे जायला १० आणि यायला १०. वेग १० धरला तर खोली १ मीटर, १२ धरला तर १.२ मीटर. वीस सेंटिमीटरचा फरक केवळ गृहीत धरलेल्या आकड्यामुळे पडला. अहवालात वेग कसा ठरवला हे लिहिलेले नसेल तर खोलीचे आकडे अंदाजपंचे समजा. दाराच्या किंवा खिडकीच्या बाजूला भिंतीची जाडी टेपने मोजता येते, तिथे रडार लावून वेग काढणे अवघड नाही.

पाणी आणि क्षार हे रडारचे वैरी. भिजलेल्या भिंतीत लहर मंदावते आणि क्षार असले तर विझतेच. कोकणात समुद्रालगतच्या तटावर जुलैत जीपीआर लावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. ते काम मार्च ते मे या महिन्यांत करा. पाणी कुठे मुरते हेच पाहायचे असेल तर मात्र उन्हाळ्यात आणि पावसाळा संपल्यावर असे दोनदा करा. त्या दोन चित्रांतला फरक हेच तुमचे उत्तर.

थर्मल कॅमेऱ्याने भिंतीच्या आत दिसते का?

नाही. तो पृष्ठभागाचे तापमान दाखवतो, पण त्यावरून पृष्ठभागालगतचे बरेच कळते. भिंतीपासून सुटलेला गिलावा सकाळच्या उन्हात लवकर तापतो आणि संध्याकाळी लवकर निवतो, कारण त्याच्यामागे हवेचा थर असतो. ओल असलेली जागा बाष्पीभवनामुळे थंड दिसते. म्हणून एकच चित्र पुरत नाही. ऊन चढताना आणि उतरताना मालिका घ्यावी लागते. भर दुपारी काढलेले एक लालभडक चित्र अहवालात चिकटवलेले असेल तर ते शोभेपुरते आहे. मे २०१९ मध्ये हैदराबादच्या चारमिनारच्या एका मिनारावरचा चुन्याच्या नक्षीचा तुकडा खाली पडला. परांची न बांधता उंचावरच्या अशा कामाची पहिली चाळणी लावायला हा कॅमेरा सर्वात सोयीचा.

वास्तू न हलवता तिची कंपने मोजतात म्हणे. हे कसे?

प्रत्येक वास्तू सतत हलतच असते. वारा, रस्त्यावरची वाहने, जमिनीची सूक्ष्म थरथर यांनी ती कंप पावते. आपल्याला जाणवत नाही इतकेच. संवेदनशील त्वरणमापक वेगवेगळ्या उंचीवर ठेवून अर्धा-एक तास नोंद घेतली की वास्तूच्या स्वतःच्या वारंवारता त्यातून निघतात. साडेबहात्तर मीटर उंचीच्या कुतुबमिनारची पहिली वारंवारता अशाच मोजणीत सुमारे ०.८ हर्ट्झ आली, म्हणजे एक झोका सव्वा सेकंदाचा.

या आकड्याचा उपयोग दोन ठिकाणी होतो. एक, संगणकावर भूकंपासाठी प्रतिमान तयार करताना दगडचुन्याची ताठरता अंदाजाने भरावी लागते. प्रतिमानाची वारंवारता मोजलेल्या वारंवारतेशी जुळेपर्यंत तो अंदाज सुधारता येतो. ही जुळवणी नसलेले रंगीत प्रतिमान कितीही देखणे असले तरी त्यावर भरवसा ठेवू नये. दोन, कालांतराने झालेला बदल. वारंवारता ताठरतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. ताठरता दहा टक्के घटली तर वारंवारता पाचच टक्के उतरते, त्यामुळे मोजणी काटेकोर लागते. शिवाय तापमानाने ती ऋतूनुसार वरखाली होतच असते. म्हणून किमान वर्षभराची नोंद असल्याशिवाय ‘वारंवारता घसरली’ म्हणता येत नाही.

इटलीत पेरुजा इथल्या सान पिएत्रो चर्चच्या घंटामनोऱ्यावर २०१४ पासून अशी कायमची नोंद चालू होती. २०१६ मध्ये मध्य इटलीत भूकंपांची मालिका झाली. केंद्रे मनोऱ्यापासून दूर होती आणि डोळ्यांना विशेष काही दिसत नव्हते. तापमानाचा परिणाम वजा केल्यावर वारंवारतांमध्ये मात्र छोटी, पण परत न भरून आलेली घट आढळली. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाआधी मराठवाड्यातल्या जुन्या देवळांची अशी नोंद असती तर नंतर कुठल्या देवळाने किती सोसले हे निदान सांगता आले असते.

भेग दिसते आहे. धोका किती?

भेगेची रुंदी महत्त्वाची, तिची चाल त्याहून महत्त्वाची. तीनशे वर्षांपूर्वी पाया बसताना पडलेली आणि तेव्हापासून थांबलेली बोटभर भेग निरुपद्रवी असू शकते. वाढणारी केसासारखी भेग तशी नसते. भेगेवर काचेची पट्टी चुन्याने चिकटवणे ही जुनी युक्ती. पट्टी फुटली म्हणजे हालचाल झाली, पण किती आणि कोणत्या दिशेला ते कळत नाही. रेघांचे प्लास्टिक मापक किंवा इलेक्ट्रॉनिक संवेदक ते सांगतात. सोबत तापमानाची नोंद ठेवा, एक पूर्ण वर्ष. उन्हाळ्यात मिटून हिवाळ्यात उघडणारी भेग श्वास घेते आहे, तिला सिमेंटने बुजवू नका. तिथे बुजवली तर शेजारी नवी पडेल.

गणपतीत डीजे लागला की आमचा वाडा थरथरतो. तो पडेल का?

थरथर जाणवणे आणि इजा होणे यांत बरेच अंतर आहे. जुन्या नाजूक वास्तूंसाठी जर्मन मानकात पायाशी, कमी वारंवारतेला, ३ मिमी/सेकंद ही कंपनवेगाची मर्यादा दिली आहे. माणसाला याच्या दहाव्या हिश्शाइतके कंपनही जाणवते. तरीही मोजून घ्या. जिओफोन (जमिनीची कंपने टिपणारा संवेदक) लावून एका संध्याकाळीत उत्तर मिळते. सुटलेला गिलावा आणि सैल कौले यांना ही मर्यादा लागू नाही, ती त्याआधीच पडतात. शेजारी सुरुंगाची खाण, खांब ठोकण्याचे काम किंवा मेट्रोचे बोगदे असतील तर मोजणी सुरुवातीपासून सतत हवी. काम संपल्यावर मोजून भेग कोणामुळे पडली याचा निवाडा होत नाही.

लेण्यांना हेच सगळे लागू होते?

लेणी बांधलेली नाहीत, कोरलेली आहेत. तिथे प्रश्न चिणाईचा नसून डोंगराचा आहे. अजिंठा, वेरूळ, घारापुरी, कान्हेरी ही सगळी लाव्ह्याच्या थरांत कोरलेली. घट्ट बेसाल्ट, सच्छिद्र बेसाल्ट आणि मधून मधून लाल मऊ थर. पाणी सांध्यांतून उतरते आणि मऊ थरावर अडून लेण्यात पाझरते. म्हणून आधी वरच्या डोंगरउताराचा नकाशा, ओढे, सांध्यांच्या दिशा, आणि मग विद्युत-रोध सर्वेक्षण. जमिनीत प्रवाह सोडून कुठे रोध कमी आहे, म्हणजे कुठे पाणी असण्याची शक्यता आहे, ते यात पाहतात. छताच्या आणि खांबांच्या भेगांसाठी रडार आणि अल्ट्रासॉनिक. चित्रे असलेल्या भिंतीला काहीही टेकवायचे नाही, तिथे फक्त दुरून चालणारी साधने.

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या जांभ्यावर प्लास्टर असावे की नसावे, हे चाचणीने ठरेल का?

अंशतः. बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढला गेला आणि तेव्हापासून जांभा पावसाला उघडा आहे. दगड किती पाणी पितो हे कार्स्टन नळीने जागेवर मोजता येते. नळी भिंतीला चिकटवून त्यातले पाणी किती वेळात शोषले जाते ते पाहायचे. गिलावा दिलेल्या आणि न दिलेल्या नमुना-भिंतींवर दोन पावसाळे हे केले तर वादाला निदान आकड्यांचा आधार मिळेल. उघड्या चिऱ्यांचे रूप लोकांच्या डोळ्यांत बसले आहे, त्याचे काय करायचे हे मात्र मोजून ठरणार नाही. माझे मत गिलाव्याच्या बाजूने आहे. तिथून जवळच संत ऑगस्टिनच्या मठाचा मनोरा आहे. १८४२ मध्ये त्या चर्चचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग व अर्धा मनोरा गेला. छप्पर गेल्यावर जांभ्याचे काय होते ते तिथे जाऊन पाहता येते.

अशा तपासणीत गुप्त खोल्या, खजिना वगैरे सापडतो का?

हा प्रश्न दर वेळी येतो, म्हणून ठेवला. खजिन्याचे माहीत नाही, पोकळ्या सापडतात. आकाशातून सतत कोसळणारे म्युऑन कण दगडातून जाताना काही प्रमाणात अडतात. पोकळीतून जास्त पार होतात. गिझाच्या खाफ्रेच्या पिरॅमिडमध्ये लुईस अल्वारेझ यांच्या गटाने असा शोध घेतला आणि १९७० मध्ये तपासलेल्या भागात नवी खोली नसल्याचे सांगितले. खुफूच्या पिरॅमिडमध्ये २०१७ मध्ये किमान ३० मीटर लांबीची मोठी पोकळी जाहीर झाली. उत्तरेच्या बाजूला दगडी कमानपट्ट्यांच्या मागे दुसरी छोटी जागा होती. तिथे म्युऑन, रडार आणि अल्ट्रासॉनिक या तिन्हींनी एकाच जागी बोट दाखवले. मग दगडांच्या सांध्यातून ६ मिलिमीटर जाडीचा एंडोस्कोप (टोकाला कॅमेरा असलेली बारीक नळी) आत सरकवला आणि २०२३ मध्ये ९ मीटर लांबीचा बोळ साऱ्या जगाने पाहिला. तीन स्वतंत्र पद्धती जुळल्या, मगच आत शिरले, तेही आधीपासून असलेल्या फटीतून.

भारतातले तोडीचे उदाहरण कोणार्कचे. तिथल्या सूर्यमंदिराचा जगमोहन (सभामंडप) पडू नये म्हणून १९०३ मध्ये ब्रिटिशांनी तो वाळूने भरून बंद केला. शंभर वर्षांनी ती वाळू आधार देते आहे की भिंतींना बाहेर रेटते आहे, हा प्रश्न उभा राहिला. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने एंडोस्कोपीने पाहिले तेव्हा वाळू बरीच खाली बसून वर पोकळी झालेली आढळली. ज्या आधाराचा भरवसा होता तो वरच्या भागात राहिलाच नव्हता.

अहवाल हातात आला. काय तपासू?

प्रत्येक मोजणीची जागा आराखड्यावर दाखवली आहे का. कच्च्या नोंदी फाइलसह दिल्या आहेत का (पाच वर्षांनी तुलना त्यांच्याशीच करायची आहे, पीडीएफशी नाही). दिवस, वेळ, हवामान लिहिले आहे का. एकच निष्कर्ष किमान दोन वेगळ्या पद्धतींनी पडताळला आहे का. आणि ‘येथे निश्चित सांगता येत नाही’ असे वाक्य एखादे तरी आहे का. नसेल तर मी तो अहवाल परत पाठवीन. मापनाच्या पानांवरून थेट ‘सिमेंट ग्राउटिंग करावे’ (भिंतीत पातळ सिमेंट दाबाने भरावे) या शिफारशीवर उडी मारलेली दिसली तर मधली पाने मागा.

परवानगी कोणाची लागते? उपकरण तर फक्त टेकवायचे आहे.

तरीही लागते. आधी वास्तू कोणाकडे आहे ते पाहा. रायगड, सिंधुदुर्ग, पन्हाळा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, तर राजगड, साल्हेर, प्रतापगड राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. पहिल्यांना १९५८ चा केंद्रीय कायदा लागू होतो, दुसऱ्यांना १९६० चा राज्याचा. केंद्रसंरक्षित वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते, हे २०१० च्या दुरुस्तीपासून लक्षात ठेवावे लागते. ड्रोनची परवानगी वेगळी. अर्जात कोणते उपकरण, कुठे टेकणार, काय लावणार, किती दिवस, आणि कच्च्या नोंदींची प्रत खात्याला कधी देणार हे लिहा. वास्तू असंरक्षित असेल तर विश्वस्त मंडळाचा लेखी ठराव घ्या आणि काम सुरू करण्याआधी पुजाऱ्यांशी बोलून पूजेच्या वेळा टाळा. गाभाऱ्यात कोणी, कसे शिरायचे हेही तेव्हाच ठरवून घ्या.